यादीत एकच

शैलजाने मूळ यादीला हात घातला तेव्हा तिला आठवा महिना होता आणि येत्या सोमवारी तिला बाळंतपणासाठी माहेरी, अकोल्याला निघायचं होतं. काम अर्धं टाकून जाणं तिच्या स्वभावात नव्हतं.

ती मेहकरच्या बालसंगोपन केंद्रात कामाला होती. केंद्र एका धर्मादाय संस्थेचं. भोवतालच्या सव्वीस गावांतल्या तान्ह्या मुलांना लसी टोचायच्या, हे त्याचं काम. तिथे संगणक आला तो अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीनंतर. शैलजा बी.एस्सी. झालेली, वर नागपूरला वर्षभर संगणक शिकलेली, आणि नवरा लक्ष्मीकांत मेहकरच्याच शाळेत गणिताचा मास्तर. तेव्हा मशीन चालवायला दुसरं माणूस शोधावं लागलं नाही. नागपूरच्या सरांनी तिला निरोप देताना पाच फ्लॉप्या दिल्या होत्या. त्यांत स्मॉलटॉक नावाची भाषा होती. "इतर भाषांत आपण मशीनला हुकूम सोडतो," सर म्हणाले होते. "हिच्यात वस्तू एकमेकींशी बोलतात. सावकाश शिक."

या भाषेत यादी नावाची वस्तू आयतीच मिळायची, आणि तिला बरंच काही उपजत यायचं. मोज म्हटलं की मोजायची, क्रम लाव म्हटलं की लावायची, दुसरी यादी जोड म्हटलं की जोडून घ्यायची. न येणारं विचारलं की पडद्यावर हिरव्या अक्षरांत "मला हे समजत नाही" एवढं लिहायची आणि गप्प व्हायची. पहिल्या दोन महिन्यांतच शैलजाच्या ध्यानात आलं की ही आयती यादी कुलूपबंद नाही. तिला नवं शिकवता येतं. आणि मूळ यादीला एक गोष्ट शिकवली की मशीनमधल्या झाडून साऱ्या याद्यांना ती त्याच क्षणी येऊ लागते.

मग तिने एक युक्ती केली. "समजत नाही" म्हणायच्या आधी यादीने एकदा आपले रकाने पाहावेत. विचारलेल्या नावाचा रकाना असला तर त्यातलं काढून द्यावं. एवढंच शिकवलं, आणि यादी कोणी न लिहिलेल्या प्रश्नांना उत्तरं देऊ लागली. केंद्राचे डॉक्टर उद्धवराव खुर्ची ओढून शेजारी बसले.

"गाव विचार," ते म्हणाले. यादीने गावं सांगितली.

"गोवर विचार." गोवराची लस कोणाला दिली, कोणाची राहिली, ते आलं.

"हे कधी लिहिलंस?"

"लिहिलं नाही, सर. तिने आत्ताच्या आत्ता बनवलं."

डॉक्टरांनी त्या दिवशी केंद्रात आलेल्या प्रत्येकाला ते करून दाखवलं. पोस्टमनलासुद्धा.

अडचण वेगळीच निघाली, आणि ती होती माहेरपणाची. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते. म्हणजे बाळाचं नाव आधी माहेरच्या गावच्या नर्सबाई लिहिणार. नाव तरी कुठलं, बारसं व्हायचं असतं. तर 'मंजुळाचं बाळ', बापाचं नाव, जन्मतारीख. सव्वा महिन्यानंतर बाळंतीण सासरी येते, तिथल्या नर्सबाई तेच बाळ पुन्हा लिहितात. सव्वीस गावांच्या याद्या जोडल्या की बाळं उगाच वाढलेली. एक नर्स डोणगावात ज्या बाळाला शोधत हिंडते, ते जानेफळात टोचून झालेलं. दोघातिघांना तर एकच लस दोनदा गेली. त्यावर डॉक्टर इतके तापले की त्यांनी लेखी फर्मान काढलं: छापील यादीत नसलेल्या बाळाला सुई लावायची नाही.

शैलजाने उपाय काढला, तो असा. ज्या दोन नोंदींत आईचं नाव, बापाचं नाव आणि जन्मतारीख सारखी, त्या एकाच बाळाच्या. त्यांतली एक ठेवायची. मुलगा की मुलगी, तो रकाना तिने धरला नाही, कारण नर्सबाई तो कोरा ठेवत किंवा अंदाजाने भरत. ही गोष्ट वेगळी लिहिली तर दर वेळी आठवणीने वापरावी लागणार, आणि ती तर पाच-सहा महिने असणार नव्हती. म्हणून तिने ती मूळ यादीच्या जोडण्याच्या कामातच बसवली. आता कोणीही, कुठल्याही दोन याद्या जोडल्या, की दुबार नावं आपोआप गळणार. गळली ती कोणती, हे सांगायला तिने यादीला शिकवलं नाही. गरज दिसली नाही. शनिवारी तिने जोडून पाहिलं, सातशे तीसची सहाशे अठ्ठेचाळीस झाली. सोमवारी ती गाडीत बसली.

मुलगा ऑगस्टमध्ये झाला. मंदार. जानेवारीत ती परत कामावर आली तेव्हा डॉक्टरांच्या भिंतीवर गावागावांचे आकडे लागले होते, आणि बहुतेक गावांपुढे शंभर लिहिलेलं होतं.

मार्चमध्ये जानेफळात गोवर निघाला. लागण झालेली पहिली पोरं चार-पाच वर्षांची होती, केंद्राच्या यादीबाहेरची. पण डॉक्टरांनी नऊ महिन्यांवरच्या बाळांसाठी बुधवारी जादा फेरी ठरवली. नर्स जनकाबाईंच्या जोडीला खुणा करायला कोणी नव्हतं. "तू जा," डॉक्टर शैलजाला म्हणाले.

मंदार सात महिन्यांचा; गोवराची लस नऊ महिन्यांशिवाय देत नाहीत. "सर, मी तिथून काही घेऊन आले तर?"

"तुला लहानपणी झालाय ना? मग तुझ्यातून नाही जात. घरी गेल्यावर आंघोळ कर, मनाच्या समाधानासाठी."

घरी सासूबाई, अन्नपूर्णाबाई, मंदारला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शैलजाने सगळं सांगितलं आणि सांगता सांगता त्याच्या कपाळाला उलटा हात लावून पाहिला.

"डॉक्टर म्हनते काही होत नाही, तं होत नाही," सासूबाई म्हणाल्या. "दिवसातून दहा खेपा हात लावतं त्याले. त्याले वाटत असंल, माय आहे का थर्मामीटर आहे."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. मी सांगत नाही, एवढंच."

जानेफळला ग्रामपंचायतीच्या ओसरीवर जनकाबाईंनी स्टोव्ह पेटवून सुया उकळायला ठेवल्या, बर्फाची पेटी सावलीत सरकवली आणि शैलजाच्या हातात यादी दिली. शैलजाने नाव वाचायचं, जनकाबाईंनी टोचायचं, शैलजाने खूण करायची. बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. कामाला गती आली. सातवं नाव मंजुळाच्या बाळाचं होतं.

मंजुळा विशीतली, काळीसावळी. तिने गुटगुटीत पोरगा पुढे केला. सुई लागली, तो रडला, खूण झाली. तिच्याजवळ तिची सासू बसली होती, आणि सासूच्या मांडीवर तेवढ्याच वयाची एक रोड मुलगी ओसरीतल्या साऱ्यांकडे पाहत होती.

"अन् हिले?" मंजुळाने विचारलं.

"हिचं नाव नाही," जनकाबाई म्हणाल्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"मागच्या खेपीलेही नव्हतं. त्याच्या मांगच्या खेपीलेही."

"म्या लिहून धाडलं होतं ना बाई. तीनदा धाडलं. वरून कटून येते. मी काय करू?"

"हाव, यादीत एकच अन् घरात दोन," सासू म्हणाली. "तुमच्या मशिनीले जुळं पाह्यलं नसंल कधी."

बायका हसल्या. शैलजाने हातातल्या यादीकडे पाहिलं. एक आई, एक बाप, एक तारीख. तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"जनकाबाई," ती हळूच म्हणाली, "मशीनने कापलंय. म्हणजे मीच."

"म्हंजे?"

"दोन नावं सारखी दिसली की एक गळतं. जुळ्यांचं माझ्या डोक्यातच आलं नाही."

जनकाबाईंनी सुई चिमट्यात धरून ठेवली. "अन् मी समजून राह्यली का साहेब माह्यावर नाराज आहे म्हून काटते."

"हिला आज द्या ना."

"देईन. कुपीत अजून तीन डोस आहेत, दुपारी फेकूनच द्यायचे आहेत. पन यादीबाहेर दिलं तं माही नोकरी जाईल, तुमची नाही. लिहून द्या."

शैलजाने छापील यादीच्या खाली पेनाने लिहिलं, 'मंजुळाचं बाळ, दुसरं, मुलगी', आणि सही केली. मुलीला सुई लागली. तिला ती पहिली होती, तरी ती भावापेक्षा कमी रडली.

"पहिल्यांदाच एकाचं नाव आलं," शैलजाने मंजुळाला विचारलं, "तेव्हा दोघांतलं कोण न्यायचं, ते कसं ठरवलं?"

मंजुळाने पोराचं झबलं सारखं केलं. सासूच म्हणाली, "त्यात ठरवायचं काय असते? पोऱ्याले नेलं."

दुपारी मेहकरला येऊन शैलजाने मशीन लावलं. मूळ यादीला शिकवलेलं ते काम काढून टाकायला तिला दोन मिनिटंही लागली नाहीत. मग तिने सव्वीस गावांच्या याद्या पुन्हा जोडल्या, साध्या, आणि एका गावातून एकाच वेळी आलेल्या सारख्या नोंदी वेगळ्या काढल्या; माहेर-सासरच्या नोंदी दोन गावांतून येतात, जुळ्यांच्या एकाच. अकरा जोड्या निघाल्या. जानेफळची धरून अकरा बाळं, त्यांना जुलैपासून एकही सुई लागली नव्हती. जोडलेल्या यादीत ती नावं कुठे पडून राहिली नव्हती. ती नुसती नव्हती, आणि नसलेलं नाव कोणाला खटकत नाही. भिंतीवरचे शंभर उरलेल्यांतून काढलेले शंभर होते.

तिने दहा गावांच्या नर्सबाईंना दहा पत्रं लिहिली. 'यादीबाहेर टोचावे, जबाबदारी माझी.' दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.च्या कंडक्टरांकडे पत्रं देऊनच ती डॉक्टरांपुढे उभी राहिली आणि झालं ते सगळं सांगितलं.

डॉक्टर उद्धवरावांनी चष्मा काढला. "मंगळवारी संस्थेचे नागपूरचे साहेब येताहेत. संस्थेच्या बाकीच्या केंद्रांतही मशीन द्यायचं की नाही, हे त्यावर आहे. अकराच आहेत ना? मंगळवार होऊ दे. बुधवारी आपण स्वतः जाऊन अकराच्या अकरा टोचू."

"साथ सुरू आहे, सर."

"पाच-सहा दिवसांनी काय होतं?"

"पत्रं गेली, सर. सकाळच्या गाड्यांनी."

"सही कोणाची?"

"माझी."

"म्हणजे केंद्राची नाही." त्यांनी भिंतीवरच्या आकड्यांकडे पाहिलं. "हे कसं झालं, ते लेखी दे मला."

तिने दोन पानं लिहून दिली: पहिल्यावर चूक कशी झाली ते, दुसऱ्यावर राहिलेली अकरा बाळं आणि भिंतीवरचे शंभर. डॉक्टरांनी पहिलं वाचलं, दुसरं घडी करून खिशात ठेवलं. "जीप घेऊन जा," ते म्हणाले. "जनकाबाईंना ने. पत्रं वाचत बसायला वेळ कोणाला आहे?"

गुरुवार आणि शुक्रवार असे दोन दिवस त्या दोघी फिरल्या. रस्त्यात जनकाबाई पानाचा डबा काढून म्हणाल्या, "पाह्यजा बाई, जिथं पोरगा-पोरगी आहे, तिथं पोरगीच राह्यली असंल."

"पैज लावताय का?"

"लावत नाही. जिंकीन म्हून."

शुक्रवारपर्यंत जानेफळची धरून दहा बाळं टोचून झाली. दहांतली पाच मुलगा-मुलगी अशा जोडीतली होती. पाचही मुली. शैलजाने ते वहीत लिहिलं, मग कशासाठी लिहिलं हे न कळून पान उलटलं. यादीने कोणाला निवडलं नव्हतं. यादीने मुलगा-मुलगी पाहिलंच नव्हतं. एक जागा शिल्लक ठेवली होती आणि ती घराघरांनी आपापल्या घरी भरली होती.

अकरावं बाळ डोणगावचं. तिथल्या नर्सबाईचं उत्तर शनिवारी सकाळी आलं: 'मुलीस ताप व अंगावर पुरळ आहे. टोचता येत नाही.'

आता टोचायला जाण्यात अर्थ नव्हता. शैलजा तरी निघाली. मंदार झोपलेला होता तेव्हा ती निघाली, म्हणजे निघताना त्याला कडेवर घ्यावं लागणार नाही. जनकाबाईंनी गोवरात देतात ती अ जीवनसत्त्वाच्या डोसाची बाटली बरोबर घेतली.

मुलीचा बाप कडूबा भाजीपाला लावणारा माणूस. घर मळ्याच्या कडेला, दाराला कडुनिंबाचा डहाळा खोचलेला. डहाळा असला की बाहेरच्याने आत जायचं नाही, अंगावर पाजणाऱ्या बाईने तर नाहीच. जनकाबाई नर्स म्हणून गेल्या. शैलजा उंबऱ्याबाहेर राहिली, आणि आपण रिवाजामुळे थांबलो की मंदारमुळे, हे तिने स्वतःला विचारलं नाही. कडूबाची आई सत्यभामाबाई दारात येऊन बसल्या.

"मावशी, मी केंद्रातून आले," शैलजा म्हणाली. "यादी मी करते. तुमच्या नातीचं नाव माझ्या चुकीने गळलं होतं. नाही तर तिला महिन्याभरापूर्वीच लस मिळाली असती."

सत्यभामाबाईंनी तिला खालून वर पाहिलं. "शिकेल-सवरेल दिसतं."

"हो."

"यादीचं नका सांगू आम्हाले. यादीनं एक म्हटलं. कोनतं ते तं आम्हीच सांगितलं ना?" त्यांनी पदराने मान पुसली. "पोऱ्याले नेलं. पोरीले म्हटलं, पुढच्या खेपी. पुढच्या खेपी बी पोऱ्यालेच नेलं. आता तुम्ही येऊन म्हनता का माही चूक. बरं हाय, घ्या तुमची. आमची आमच्याजवळ राहू द्या."

आतून जनकाबाईंचा आवाज आला. "शैलजाबाई, घड्याळ आहे ना? एक मिनिट सांगा मले."

शैलजाने उंबऱ्यापाशी उभं राहून काट्यावर नजर लावली. "घ्या." आत जनकाबाई मुलीच्या छातीकडे पाहत हळू आवाजात श्वास मोजत होत्या. मिनिट संपायला फार वेळ लागला. "झालं."

"अठ्ठावन्न," जनकाबाई म्हणाल्या. त्या बाहेर आल्या तेव्हा पान थुंकून आल्या होत्या. "पन्नासच्या वर गेलं का छातीत उतरलं म्हनायचं. हिले आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या लागते. मी इथंच थांबतो, आळीत अजून दोन पोरं तापानं आहेत म्हनते."

कडूबा बाजाराला गेला होता. सत्यभामाबाईंचे गुडघे जीपमध्ये चढण्यासारखे नव्हते. मुलांची आई बाहेर आली, दोन्ही कडेवर दोन. पोरगा टुणटुणीत होता, आईच्या मंगळसूत्राशी खेळत. पण अजून अंगावर पिणारा, मागे ठेवता येत नव्हता. जीपच्या पायरीशी ती थबकली. दोघांना धरून चढता येईना.

"एकाले धरा," ती शैलजाला म्हणाली, आणि पोरगा आपल्याकडे ठेवून मुलगी पुढे केली.

शैलजाचे हात लगेच पुढे झाले नाहीत. तेवढं सत्यभामाबाईंनी दारातून पाहिलं.

"घरी लेकरू आहे का?" त्यांनी विचारलं.

"सात महिन्यांचा."

"मंग मले चढवा वर. गुडघ्याचं पाहू."

"नको," शैलजा म्हणाली. तिने मुलीला घेतलं. मुलगी हलकी होती, मंदारपेक्षा तीन महिन्यांनी मोठी आणि त्याच्याहून हलकी, आणि तापाने इतकी कढत की साडीतून पोटाला लागत होतं. शैलजाने तिचं डोकं खांद्यावर टेकवलं आणि ड्रायव्हरला सांगितलं, "खड्डे सांभाळून, पण जोरात."

वाटेत आई एकदाच बोलली. "हिचं नाव यादीत काय लिहिलं तुम्ही?"

"बाळ, दुसरं."

"कौसल्या आहे तिचं नाव."

दवाखान्यात मुलीला प्राणवायू लावला. शैलजाने घरी निरोप धाडला की ती आज येत नाही, मंदारला वरचं दूध पाजा. अन्नपूर्णाबाईंचा उलट निरोप आला: 'पाजलं. प्यायला. थर्मामीटर नाही लावलं.' त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी छाती भरून आली की शैलजा मोरीत जाऊन दूध पिळून टाकायची आणि परत येऊन खाटेशेजारी बसायची. सोमवारी सकाळी श्वास चव्वेचाळीस झाला. दुपारी मुलीने आईचं दूध ओढलं, थोडंच.

मंगळवारी नागपूरचे साहेब आले. शैलजा तेव्हा दवाखान्यातच होती. डॉक्टर उद्धवरावांनी भिंतीवरचे शंभर तिच्या सांगण्याची वाट न पाहता आदल्या संध्याकाळीच खोडून घेतले होते, आणि साहेबांना तिने दिलेल्या कागदाचं दुसरं पानही वाचायला दिलं. नव्या मशीनचं काही झालं नाही. विचार करू, असं ठरलं.

संध्याकाळी शैलजा केंद्रात गेली. चपला दाराशी काढल्या. मशीन सुरू केलं, डोणगावची यादी काढली, 'बाळ, दुसरं' ही नोंद शोधली आणि त्या जागी कौसल्या लिहिलं. मग अकरा नोंदी एकेक करून उघडल्या. दहांची नावं तिला माहीत नव्हती. कोणत्या गावाला आधी जायचं, हे ती कागदावर लिहू लागली.